जुलैचं मैदान नोव्हेंबरात तयार होतं

प्रति,
मा. संघ व्यवस्थापक, मुख्य प्रशिक्षक आणि क्लबचे पदाधिकारी यांस,
भुसावळहून सप्रेम नमस्कार.

फुटबॉल संघाचं पावसाळी शिबिर यापुढे भुसावळला न घेता मोठ्या शहरातल्या कृत्रिम गवताच्या मैदानावर घ्यायचं तुम्ही ठरवलं आहे. निर्णय कळवताना चार कारणं दिलीत. मैदान टणक आहे, जोराचा पाऊस झाला की दोन-दोन दिवस सराव बुडतो, उकाडा सोसत नाही आणि सराव सामन्यांना तोलामोलाचे संघ मिळत नाहीत. यातली पहिली दोन कारणं शंभर टक्के खरी आहेत. त्या मैदानावर रोज राबणाऱ्या माणसांना ती तुमच्याही आधी ठाऊक होती. तिसरं कारण अर्धं खरं आहे. चौथं आम्हाला पटत नाही.

आमचं सगळं म्हणणं एका गोष्टीभोवती आहे. शिबिर भुसावळला घ्यायचं की नाही, हे दरवर्षी मे महिन्याच्या अखेरीस ठरतं. तेव्हा हातात दोन-तीन आठवडे उरतात, आणि त्यातले निम्मे वाऱ्या-वळवाचे. एवढ्या वेळात काळ्या मातीच्या मैदानाचं भलं करता येत नाही, नुकसान मात्र नक्की करता येतं. जुलैत खेळायचं मैदान आदल्या नोव्हेंबरात हाती घ्यावं लागतं. जागा सोडण्याआधी हा एक बदल करून पाहावा, म्हणून हे पत्र.

आधी टणकपणाबद्दल. आपलं मैदान तापीच्या खोऱ्यातल्या काळ्या कसदार मातीवर आहे. ही माती पाणी प्यायली की फुगते, सुकली की आकसते. उन्हाळ्यात तिला बोट जाईल एवढ्या भेगा पडतात आणि पावसाळ्यात त्या मिटतात. केळीला, कपाशीला ती सोन्यासारखी. क्रिकेटच्या खेळपट्टीला तर मुद्दाम शोधून आणतात, कारण ती दाबून घट्ट बसते. फुटबॉलला हाच गुण बाधतो. शिबिर ठरलं की जूनमध्ये घाईघाईने मैदान सपाट करायला जड रोलर फिरतो, तोही पहिल्या सरीनंतर, माती ओली असताना, कारण तेव्हा उंचवटे लवकर बसतात. ओल्या काळ्या मातीवर रोलर फिरला की मातीतली हवेची जागाच दाबली जाते. मग मुळं दोन-तीन सेंटीमीटरच्या खाली उतरत नाहीत, पाणी वरच साचतं आणि दोन दिवस ऊन पडलं की वरचा थर विटेसारखा होतो. खेळाडूंच्या नडग्या दुखल्या, टाचा भरून आल्या, त्याचं मूळ इथे आहे. तक्रार गवताची झाली, बिघाड गवताखाली होता.

यासाठी आपल्या शेतकऱ्यांकडे एक नेमका शब्द आहे: वाफसा. माती ना चिकट, ना कोरडी. अवजार घालावं अशी. दहा सेंटीमीटर खालची मूठभर माती काढून दाबायची. लाडू वळला आणि कमरेच्या उंचीवरून सोडल्यावर फुटला, तर वाफसा आहे. हाताला चिकटली किंवा लाडू चेपून तसाच राहिला, तर रोलर, ट्रॅक्टर आणि खेळाडू, तिघांनीही बाहेर थांबायचं. मैदान तयार करणाऱ्याने एवढी एक चाचणी पाळली असती, तर निम्मा टणकपणा झालाच नसता.

टणकपणा मोजायला महागडं यंत्र लागतंच असं नाही. पंधरा सेंटीमीटरचा स्क्रू ड्रायव्हर तळहाताच्या जोराने मुठीपर्यंत गेला तर जमीन ठीक आहे; पाच सेंटीमीटरवर अडला तर मुळंही तिथेच अडलेली असतात. चेंडूचीही चाचणी आहे. कृत्रिम गवताच्या वरच्या दर्जाच्या मैदानासाठी फिफाची अट अशी की २ मीटरवरून सोडलेला चेंडू ६० ते ८५ सेंटीमीटर उसळावा. अट कृत्रिम गवताची असली तरी पट्टी म्हणून ती नैसर्गिक मैदानालाही वापरता येते. मैदानाचे बारा ठिकाणचे आकडे वहीत लिहा. सगळ्यात वाईट आकडा मध्यवर्तुळात येईल. तिथे जुनी क्रिकेटची खेळपट्टी गाडलेली आहे. मध्यवर्तुळाचा व्यास १८.३० मीटर आणि खेळपट्टीची लांबी २०.१२ मीटर, म्हणजे ती वर्तुळाच्या दोन्ही अंगांनी बाहेर डोकावते. मधल्या फळीतले खेळाडू ज्या पट्ट्यात सर्वांत जास्त वळतात, तोच सर्वांत कठीण. ही खेळपट्टी २०.१२ मीटर लांब, ३.०५ मीटर रुंद आणि ३० सेंटीमीटर खोल उकरून काढायची म्हटली तर साधारण साडेसहा ब्रास (एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट) माती निघते. जेसीबीचं हे एका दिवसाचं काम आहे. क्रिकेट खेळणाऱ्यांना आम्ही समजावू. त्यांना बाजूला वेगळी खेळपट्टी करून देता येईल.

आता पाण्याचा निचरा. हा या पत्राचा गाभा आहे, म्हणून थोडं सविस्तर.

मैदान १०५ बाय ६८ मीटर, भोवती तीन-तीन मीटरची मोकळी पट्टी धरली तर आठ हजार चौरस मीटरच्या थोडं वर जातं. हिशेबाला आठ हजार घेऊ, म्हणजे आपल्या भाषेत दोन एकर वावर. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे या वावरावर ८,००० लिटर पाणी. तासाभरात ५० मिलिमीटरची सर कोसळली तर ४ लाख लिटर. पूर्ण भिजलेली, दाबली गेलेली काळी माती तासाला जेमतेम काही मिलिमीटर पाणी आत घेते. उरलेल्या पाण्याने जावं कुठे? मैदानाला उतार नाही, आणि कडेची गटार मैदानाच्या पातळीपेक्षा वर आहे. ते पाणी उन्हाने आणि वाऱ्याने वाळेपर्यंत साचून राहतं. तुमचे बुडालेले दोन दिवस ते हेच.

पूर्ण इलाज ३० सेंटीमीटर काळी माती काढून तिथे खडी-वाळूचे थर भरण्याचा. त्यात २,४०० घनमीटर, म्हणजे जवळजवळ ८५० ब्रास माती उचलावी लागते आणि तेवढाच माल आणून भरावा लागतो. आज कोणाचीही तेवढी ऐपत नाही, हे आम्हाला कळतं. म्हणून आम्ही मधला मार्ग सुचवतो: नळ्या आणि वाळूचे चर.

मैदानाच्या रुंदीत, दर पाच मीटरवर, २० सेंटीमीटर रुंद आणि ५० सेंटीमीटर खोल चर खणायचे. अशा २२ ओळी होतात. प्रत्येकी सुमारे ७५ मीटर धरली तर १,६५० मीटर छिद्रांची नळी लागते. उतार शंभरास एक, निदान दोनशेस एक तरी हवाच. तो डोळ्याने ठरवू नये, पाण्याच्या लेव्हल-नळीने ओळीत तीन ठिकाणी तपासावा. मधेच नळीला पोट आलं की तिथे गाळ बसतो आणि दोन वर्षांत ती ओळ मेली. नळीभोवती आणि वर ३५ सेंटीमीटरपर्यंत खडी, त्यावर १५ सेंटीमीटर जाड वाळू. खडी ४० ब्रासच्या आसपास, वाळू १८ ब्रास. मग या नळ्यांना आडवे, म्हणजे मैदानाच्या लांबीत, दर मीटरला ५ सेंटीमीटर रुंद आणि २५ सेंटीमीटर खोल असे नुसते वाळूचे चर. असे ६८ चर म्हणजे सात किलोमीटरहून जास्त लांबी, पण वाळू लागते ती ३०-३२ ब्रासच. वरचं पाणी या बारीक चरांतून खडीत, खडीतून नळीत आणि नळीतून बाहेर जातं.

दर आम्ही मुद्दाम लिहीत नाही. वाळूचा भाव लिलावाप्रमाणे बदलतो. मापं बदलत नाहीत.

यात चार ठिकाणी काम फसतं. पहिलं ठिकाण म्हणजे नळ्यांचं तोंड. ज्या नाल्यात पाणी सोडायचं, त्याचा तळ नळीच्या तोंडापेक्षा निदान ३० सेंटीमीटर खाली हवा. नाहीतर पुराच्या वेळी नाल्यातलं पाणी उलटं मैदानात येतं. तोंडाशी एक गाळाची टाकी बांधावी आणि ती दर पावसाळ्याआधी उपसावी.

दुसरं, चर भरून झाले की 'हिरवळ लवकर धरावी' म्हणून कुणीतरी वरून चार बोटं काळी माती पसरतं. तेवढ्याने सगळा खर्च वाया जातो. चराचं तोंड बंद झालं की खालच्या नळीचा उपयोग शून्य. वर वाळूच पसरायची, ५ मिलिमीटरचा थर, वर्षातून तीन वेळा. एका वेळेला ४० घनमीटर, म्हणजे १४ ब्रास.

तिसरं, वाळूत काळी माती 'थोडी' मिसळणं. जुन्या जाणत्या माळ्यांचाही इथे घोटाळा होतो. काळ्या मातीत चौथा हिस्सा वाळू घातली तर माती मोकळी होत नाही, विटेचा गारा होतो. मिश्रणात वाळू ऐंशी टक्क्यांच्या वर असेल तरच पाणी मोकळं वाहतं. वाळूही नदीची, गोल कणांची, अर्ध्या मिलिमीटरच्या आगेमागे हवी. दगड भरडून केलेल्या क्रश सँडचे कण टोकदार असतात आणि तिच्यात भुकटी असते. ती एकमेकांत रुतून बसते. आलेल्या प्रत्येक गाडीतली मूठभर वाळू काचेच्या बाटलीत पाण्याबरोबर हलवून तासभर ठेवायची. वर गाळाचा जाड थर बसला तर गाडी परत पाठवायची. गाडी रिकामी झाल्यावर ही परीक्षा घेऊन काही मिळत नाही.

चौथी चूक आपल्याकडची खास आहे. मार्च ते मे मैदानाचं पाणी तोडलं की माती आकसते, आणि भेग नेमकी वाळूच्या चरालगत उघडते, कारण तिथे मातीची पकड सुटलेली असते. वाळू भेगेत खाली बसते, चराला वर खळगी पडते, आणि जुलैत त्याच खळगीत खेळाडूचा घोटा मुरगळतो. म्हणजे निचरा पावसाळ्यासाठी केला तरी तो टिकवायला उन्हाळ्यात पाणी द्यावंच लागतं.

ते किती? ऐन मे महिन्यात, भुसावळचा पारा ४४-४५ अंशांवर असताना, हरळीच्या गवताला दिवसाला ६ ते ७ मिलिमीटर पाणी लागतं, म्हणजे ५० हजार लिटरच्या आसपास. पण उन्हाळ्यात मैदान हिरवंगार ठेवायचं नसतं, फक्त जिवंत ठेवायचं असतं. चार-पाच दिवसांनी एकदा, खोलवर, २० मिलिमीटर दिलं तरी हरळी तग धरते आणि भेगाही मोठ्या होत नाहीत. रोज वरवर शिंपडलेलं पाणी उडून जातं आणि मुळांना वरच राहायची सवय लावतं. ६ बाय ५ बाय २ मीटरची टाकी बांधली तर ६० हजार लिटर साठतं. नळाचं पाणी कधी येईल याचा भरवसा नसलेल्या गावात अशी टाकी नसेल, तर मैदान टँकरच्या मर्जीवर राहतं. पाणी पहाटे चारला द्यावं. दुपारी दिलं तर वाऱ्यावर जातं. बोअरचं पाणी जड असतं, नोझलला पांढरा क्षार धरतो, म्हणून फिल्टर आठवड्याला उघडून धुवावा. तुषार संच बसवल्यावर मैदानभर पाच-पाच मीटरवर रिकामे डबे मांडून वीस मिनिटं पाणी सोडायचं आणि डब्यांतलं पाणी पट्टीने मोजायचं. एका डब्यात ८ मिलिमीटर आणि दुसऱ्यात ३ आलं, तर दाब कमी आहे किंवा नोझल चुकलं आहे. ठिबक-तुषारचं साहित्य बनवणारं जळगाव इथून पंचवीस किलोमीटरवर आहे. व्हॉल्व्ह फुटला तर दुपारपर्यंत नवा बसतो, आणि तो बसवू शकणारा माणूस आपल्याकडे केळीच्या प्रत्येक दुसऱ्या मळ्यात सापडतो. ही सोय मोठ्या शहरांतल्या मैदानांनाही सहजासहजी मिळत नाही, याचा विचार तुम्ही केलेला दिसत नाही.

गवत हरळीचंच हवं. शेतकरी जिला आयुष्यभर खणून काढतो, तीच खेळाला सर्वांत सोसणारी. चर भरून झाले की फेब्रुवारीच्या मध्यानंतर, रात्रीचा गारवा ओसरला की उघड्या पट्ट्यांवर लावणी करायची. थंडीत लावली तर नुसती पिवळी पडून बसते. १५ सेंटीमीटरवर एक ठोंब धरला तर चौरस मीटरला ४४ आणि पूर्ण मैदानाला साडेतीन लाख ठोंब लागतात. पण आपल्याला फक्त चर आणि उघडे गोलमुख, म्हणजे गोलसमोरची जागा, भरायचे असल्याने काम त्याच्या काही हिश्शातच होईल. आठ-दहा आठवड्यांत ती जमीन झाकते. वाढीच्या काळात महिन्याला चौरस मीटरमागे ५ ग्रॅम नत्र, म्हणजे दोन एकराला युरियाच्या ४५ किलोच्या दोन गोण्या, पंधरवड्याच्या अंतराने एकेक, आणि लगेच पाणी. शिबिराआधीच्या दोन आठवड्यांत युरिया बंद. त्याने पान लुसलुशीत होतं, बुटाच्या स्टडखाली फाटतं आणि ओलाव्यात बुरशी धरतं. उन्हाळ्यात गवत ३५-४० मिलिमीटर ठेवायचं, शिबिरात २५. एका कापणीत तिसऱ्या हिश्शापेक्षा जास्त उतरवायचं नाही; म्हणून जुलैत दर तिसऱ्या दिवशी यंत्र फिरलं पाहिजे.

पहिल्या पावसानंतर हुमणीकडे, म्हणजे मुळं खाणाऱ्या भुंग्याच्या अळीकडे, लक्ष ठेवावं लागतं. पिवळ्या पडलेल्या ठिकाणचं गवत हाताने ओढलं आणि ते सतरंजीसारखं उचललं गेलं, तर खाली अळ्या मुळं खात आहेत. मैदानाभोवतीच्या कडुलिंबांवर आणि बाभळींवर जूनमध्ये संध्याकाळी भुंगे जमतात. तेव्हाच प्रकाशसापळा लावला तर पुढचं बरंच नुकसान टळतं. आणि रेघा मारायला कळीचा चुना मुळीच नको. घसरून पडलेल्या खेळाडूची कातडी त्याने भाजते. खडूची भुकटी किंवा पाण्यातला रंग वापरावा.

एवढं सांगितल्यावर एक गोष्ट तुमच्याही बाजूची सांगायला हवी. शिबिरात रोज दोन सत्रं, प्रत्येकी दीड तास, आठवड्याचे सहा दिवस: १८ तास. काळ्या मातीवरचं नैसर्गिक मैदान पावसाळ्यात आठवड्याला सहा-आठ तासांपलीकडे सोसत नाही. वाळूचा निचरा झाल्यावर थोडं वाढेल, पण १८ तास कधीच नाही. त्यातही गोलरक्षकांचा सराव रोज त्याच गोलसमोर, छोट्या चौकोनातले पासिंगचे सराव रोज त्याच कोपऱ्यात. तिसऱ्या आठवड्यात गोलमुखाचा चिखल झाला तर तो मैदानाचा दोष कसा म्हणावा? मैदानाचे सहा भाग पाडा आणि रोज दोनच वापरा. हलवता येणारे दोन गोल आणा, वाळूच्या पिशव्यांनी ते पक्के बांधा आणि गोलरक्षकांचा सराव कडेच्या पट्टीत न्या. सकाळचं धावणं आणि ताकदीचं काम मैदानाबाहेर घ्या. असं केलं तर मैदानावरचे तास दहाच्या घरात येतात. उरलेल्यासाठी शेजारचं शाळेचं मैदान हलक्या सरावापुरतं तयार करता येईल.

कृत्रिम गवतावर हे तासांचं बंधन नाही, हे आम्हाला मान्य आहे. ते आठवड्याला चाळीस तासही चालतं. पण तुमचे सामने नैसर्गिक गवतावर असतील तर महिनाभर एका पृष्ठभागावर घडवलेले पाय ऐन हंगामाच्या तोंडावर दुसऱ्यावर न्यावे लागतील. घसरणं, थांबणं, वळणं, सगळ्याचा अंदाज नव्याने बसवावा लागतो. शिवाय कडक उन्हात कृत्रिम गवताचा पृष्ठभाग साठ अंशांच्या वर तापतो. पाणी मारलं तरी थोड्याच वेळात परत चढतो.

त्यावरून उकाड्याकडे येतो. भुसावळ म्हटलं की सगळ्यांना मे महिना आठवतो. जुलै-ऑगस्टमध्ये इथलं दिवसाचं तापमान ३१ ते ३४ अंशांच्या दरम्यान असतं. दमटपणा असतो, पण किनाऱ्यावरच्यापेक्षा कमी. आणि पाऊस? मुंबईत सांताक्रूझला एकट्या जुलैची सरासरी ८०० मिलिमीटरच्या वर आहे. जळगाव जिल्ह्यात वर्षभराचा पाऊस मिळून ७०० च्या आत-बाहेर. पावसाळ्यात मोकळ्या मैदानावर सलग सराव करायला खानदेशाइतकी सोयीची जागा राज्यात फारशी नाही. मुळात या कारणानेच तुम्ही इथे आला होतात. चूक एवढीच होते की शिबिर जूनच्या मध्यावर सुरू होतं, तेव्हा कधीकधी पारा चाळिशीत असतो. ५ जुलैनंतर सुरू करा. सत्रं सकाळी सव्वासहा ते पावणेआठ आणि संध्याकाळी साडेपाचनंतर. अंधार सव्वासातनंतर पडतो. पहिले दहा-बारा दिवस शरीर हवेला रुळण्याचे, त्यात पूर्ण जोराचे सराव नकोत. प्रत्येक खेळाडूचं वजन सत्राआधी आणि नंतर करा. एक किलो उतरलं तर पुढच्या काही तासांत सव्वा ते दीड लिटर पाणी, मीठ-साखरेसह. वजनाच्या दोन टक्क्यांहून जास्त घट असेल तर संध्याकाळचं सत्र त्याला नको. बर्फाच्या पाण्यात बसायची सोय नाही ही तुमची तक्रार होती. २०० लिटर पाणी ३० अंशांवरून १३ अंशांवर आणायला ३५ ते ४० किलो बर्फ लागतो. एक दिवस आधी सांगितलं तर तेवढ्या लाद्या रोज सकाळी मैदानावर पोहोचतील. केळ्यांचं तर सांगायलाच नको. २०१६ पासून भौगोलिक मानांकन असलेली जळगावची केळी घडावरून उतरवून थेट तुमच्या स्वयंपाकघरात येतील.

सराव सामन्यांचं कारण आम्हाला का पटत नाही, तेही सांगतो. भुसावळ हे जंक्शन आहे. मुंबई साधारण ४४० किलोमीटर, नागपूर ३९०, नाशिक २५०, खांडवा सव्वाशे, आणि अमळनेर-नंदुरबारवरून सुरतची वेगळी लाईन. चार दिशांनी संघ एका रात्रीत पोहोचू शकतात. अडचण अंतराची नाही, निरोपाची आहे. मेअखेर ठरलेल्या शिबिराला जुलैसाठी संघ मिळत नाहीत, कारण तोपर्यंत त्यांचे कार्यक्रम ठरलेले असतात आणि रेल्वेचं आरक्षण भरलेलं असतं. आरक्षण साठ दिवस आधी उघडतं. पाहुण्या संघाचा कार्यक्रम एप्रिलअखेर पक्का झाला तर मे महिन्यात तिकिटं निघतील. शुक्रवारी रात्री संघ यावा, शनिवारी आणि रविवारी सकाळी खेळून रात्रीच्या गाडीने परतावा. फक्त मुंबईकडून येणाऱ्या संघाला एक दिवस जास्तीचा धरा. पावसात कसाऱ्याच्या घाटात गाड्या अडकतात.

शिबिर गेलं तर काय जाईल, हे थोडक्यात लिहितो. इथल्या पंचांना मोठ्यांचे नव्वद मिनिटांचे, वेगाचे सामने चालवायला मिळतात ते याच महिन्यात. फुटबॉल प्रशिक्षणाचा डी परवाना काढलेल्या आमच्या तरुण प्रशिक्षकांना आठवड्याचा भार कसा चढवतात आणि कसा उतरवतात, हे पुस्तकाबाहेर पाहायला मिळतं. यावल-रावेर-चोपड्याच्या सातपुड्याच्या पायथ्याची, तिकडे धडगाव-अक्कलकुव्याची पोरं एसटीने येऊन कडेला बसतात. दमसासात ती कुणाला हार जाणार नाहीत. पण बचावपटू चेंडू नसताना कुठे उभा राहतो, हे त्यांना मोबाइलवर दिसत नाही, कारण कॅमेरा चेंडूमागे असतो. कडेला बसल्यावर दिसतं. आम्हाला या गोष्टीची फार काळजी वाटते, आणि ती लपवावी असं वाटत नाही.

आमची मागणी अशी आहे. एका वर्षाचा शब्द नको, तीन पावसाळ्यांचा लेखी करार करा, आणि तो या दिवाळीच्या आत करा. एका वर्षाच्या शब्दावर मैदानाचा मालक टाकी बांधत नाही, देणगीदार वाळूची गाडी देत नाही. दोघांचंही बरोबर आहे. तीन वर्षांचं पत्र हाती असेल तर नोव्हेंबरात चर खणता येतील, डिसेंबर-जानेवारीत नळ्या आणि वाळू, फेब्रुवारीत लावणी, मार्च ते मे पाणी, आणि जूनमध्ये रोलरला मैदानाबाहेर उभं करता येईल. करारात मैदानाच्या बाजूनेही अटी घाला: नोव्हेंबर ते ऑगस्ट मैदानावर मंडप नाही, वाहन नाही, सभा नाही. मंडपाच्या लोखंडी खुंट्या जमिनीत तुटून राहतात आणि पावसात वर येतात. शिबिराआधी आम्ही लोहचुंबक ओढून त्या वेचतो, तरी एखादी राहतेच. क्लबच्या शब्दाला जे वजन आहे ते आमच्या विनंतीला नाही, म्हणून ही अट तुमच्याकडून यायला हवी. आणि पहिल्या वर्षी ३० जूनला मैदान आम्ही सांगितलेल्या मापात बसलं नाही, म्हणजे चेंडू ८५ सेंटीमीटरच्या वर उसळला किंवा साध्या सरीनंतर तीन तासांत पाणी ओसरलं नाही, तर करार मोडायचा अधिकार तुमचा. आम्ही वाद घालणार नाही.

तरीही जायचं पक्कं असेल, तर दोन गोष्टी मागे ठेवून जा. तुमच्या फिजिओंनी तीन शिबिरांत नोंदवलेल्या दुखापती, खेळाडूंची नावं काढून, कोणत्या दिवशी, मैदानाच्या कोणत्या भागात आणि पाऊस-ऊन काय होतं, एवढ्यापुरत्या आम्हाला द्या. मैदान दुरुस्त करायला त्याहून चांगला नकाशा नाही. आणि वर्षातून एक निवड चाचणी खानदेशात घ्या, सुट्टीच्या दिवशी, रेल्वे स्टेशनपासून चालत जाता येईल अशा ठिकाणी, म्हणजे धडगावच्या पोराला मुक्कामाचा खर्च पडणार नाही.

पाऊस उघडला आहे. ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यात मैदानाला वाफसा येईल, तेव्हा आम्ही बारा ठिकाणी नळी ठोकून पाणी किती वेळात मुरतं ते मोजणार आहोत. मोजणीला तुमचा एक माणूस पाठवा. आकडे त्याने स्वतःच्या हाताने लिहावेत. नळ्या, पट्टी आणि हातोडा आमच्याकडे आहे. फाटक सकाळी साडेसहाला उघडतं.

आपले,
भुसावळ, वरणगाव, सावदा, फैजपूर आणि जळगाव इथले मैदानकामगार, प्रशिक्षक आणि पंच